मिटणाऱ्या नगरांची तोंडी बखर



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जुन्या श्रोत्यांनी मला विचारलं, की कॉम्प्युटरच्या खेळाबद्दल पोरांनी मारलेल्या गप्पा, यावर व्याख्यान ते काय द्यायचं? प्रश्न रास्त आहे. माझं आयुष्य ध्वनिमुद्रणाच्या कामात गेलं. माणसं काय बोलतात आणि त्यातलं काय टिकतं, हा माझ्या कुतूहलाचा विषय राहिला आहे. बरीच वर्षं मी एका विशिष्ट प्रकारचे कार्यक्रम ऐकत आलो आहे: ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमवर, त्या खेळांच्या चाहत्यांनी हौसेनं केलेले पॉडकास्ट. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे कार्यक्रम म्हणजे एका समाजाचा तोंडी इतिहास आहे. तो करणाऱ्यांनाच बरेचदा त्याची जाणीव नसते आणि म्हणून तो हरवत चालला आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं एक खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावर नुसती वाक्यं उमटायची. पण एकाच वेळी अनेक जण त्याच गुहेत, त्याच वाटेवर असायचे आणि एकमेकांशी बोलू शकायचे. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लिझार्ड कंपनीचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. २०१० च्या ऑक्टोबरात या शेवटच्या खेळाचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. तिथे तुम्ही एक पात्र घेता, त्याला नाव देता, वाढवता. तुम्ही झोपलात तरी ते जग चालूच असतं. मोठं काम एकट्यानं होत नाही, म्हणून माणसं गिल्ड बांधतात आणि रात्री ठरल्या वेळी जमून रेडला, म्हणजे सामूहिक मोहिमेला, जातात. कुणी टँक होऊन मार झेलतो, कुणी हीलर होऊन इतरांना जगवतो. ज्यांच्याशी प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही, अशा माणसांवर भरवसा ठेवायची सवय लागते.

आता वर्षं पाहा. वॉरक्राफ्ट आला २००४ च्या अखेरीस. जून २००५ मध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं फुकट सॉफ्टवेअर त्याआधीपासून होतं आणि दूरच्या माणसाशी बोलायला स्काइप होतं. म्हणजे बोलण्यासारखं खूप असलेली माणसं आणि बोलणं लोकांपर्यंत नेणारं साधन एकाच सुमारास तयार झालं. अमेरिकेच्या यूटा राज्यातले चित्रकथाकार स्कॉट जॉन्सन यांचा ‘द इन्स्टन्स’ हा त्या पहिल्या पिढीतला नावाजलेला कार्यक्रम. त्याच्या श्रोत्यांनी खेळात आलेया याक्टा एस्ट नावाचं गिल्ड उभं केलं आणि ते इतकं फुगलं, की खेळानं घालून दिलेली सभासदांची मर्यादा अपुरी पडून त्याच्या शाखा काढाव्या लागल्या. श्रोते कार्यक्रम ऐकून थांबले नाहीत, ते एकत्र राहायला आले. ध्वनिमुद्रणाच्या एवढ्या वर्षांत मी असं फार क्वचित पाहिलं.

यात इतिहास कुठे आला, असं कुणी म्हणेल. मी एक प्रसंग सांगतो. सप्टेंबर २००५. वॉरक्राफ्टमध्ये झुल’गुरुब नावाचा नवा प्रदेश उघडला. तिथला हक्कर हा देव लढताना खेळाडूंवर दूषित रक्ताचा शाप टाकायचा. तो शाप जवळ उभ्या असलेल्याला लागायचा आणि काही सेकंदांत जीव घ्यायचा. रचनेप्रमाणे तो त्या देवळातच राहायला हवा होता. पण शिकारी पात्रांजवळ पाळीव प्राणी असतात. बाधा झालेला प्राणी लढाईत परत बोलावून घेतला आणि पुढे शहरात आल्यावर पुन्हा बाहेर काढला, की शाप शहरात. बाजारातले दुकानदार म्हणजे संगणकानं चालवलेली पात्रं. ती मरत नसत, पण शाप वाहत असत. नवखे खेळाडू दुकानापाशी आले की जागीच कोसळायचे. रस्त्यांवर हाडांचे सापळे पडले. काही हीलर धावून आले आणि अनोळखी माणसांना बरं करत राहिले. काही जण शहर सोडून रानात पळाले. काहींनी मुद्दाम रोग पसरवला. शेवटी कंपनीला सर्व्हर बंद करून हा प्रकार मिटवावा लागला.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रसंगावर निबंध लिहिला. साथीत माणसं कशी वागतात हे गणिती प्रारूपात बसवणं अवघड असतं आणि इथे खरी माणसं आपापल्या बुद्धीनं वागली होती. आता विचार करा. त्या रात्री शहराच्या वेशीपाशी उभं राहून एखादा हीलर काय म्हणत होता? तो का थांबला? पळणारा का पळाला? सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा रस्ते स्वच्छ होते. जे घडलं त्याची खूण त्या जगात उरली नव्हती. उरलं ते माणसांच्या आठवणीत, आणि ज्यांनी त्या आठवड्यात मायक्रोफोनसमोर बसून ते सांगितलं त्यांच्या ध्वनिफितीत.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आपल्याला मोलाची वाटते, कारण लिहिणारा शिवाजी महाराजांच्या दरबारात वावरलेला होता. बखरीत अतिशयोक्ती असते, ऐकीव मजकूर असतो, इतिहासकाराला तो पारखून घ्यावा लागतो. तरी बखर कुणी फेकून देत नाही. चाहत्यांच्या पॉडकास्टकडे मी त्याच नजरेनं पाहतो.

म्हणून तो नीट करायला हवा. आणि नीट करणं म्हणजे महागडं यंत्र घेणं नव्हे. बिघाड बहुतेक वेळा खोलीत असतो. आपल्या घरांतल्या लाद्या आणि सिमेंटच्या भिंती आवाज परत फेकतात. मग बोलणारा विहिरीत बसल्यासारखा वाटतो. गाद्या असलेली, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा, पंखा बंद करा. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवा. आपल्या भाषेत फ, भ, ख, घ यांसारखी महाप्राण अक्षरं फार. समोरून बोललात तर प्रत्येक ‘फ’ला मायक्रोफोनवर हवेचा धक्का बसतो.

तीन निवेदक तीन शहरांत असतात, हे या कार्यक्रमांचं नेहमीचं चित्र. इंटरनेटवरून येणारा आवाज जसाच्या तसा मुद्रित केला तर तो चेपलेला, मध्येच तुटलेला मिळतो. त्यामुळे प्रत्येकानं आपल्याच यंत्रावर फक्त स्वतःचा आवाज मुद्रित करायचा आणि नंतर तिन्ही ट्रॅक एकाखाली एक लावायचे. सुरुवातीला एक, दोन, तीन म्हणून सगळ्यांनी एकदम टाळी वाजवायची. संपादनाच्या पडद्यावर ती टाळी उभ्या सुळक्यासारखी दिसते. तीन सुळके एका रेषेत आणले की संभाषण जुळतं. शेवटीही एक टाळी वाजवून घ्यावी. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाभराच्या मुद्रणात फरक साचत जातो आणि उत्तरं प्रश्नांवर चढू लागतात. शेवटच्या टाळीवरून तो फरक मोजता येतो. ज्यानं हे काम मन लावून केलंय, त्याच्या कार्यक्रमात तीन माणसं एका टेबलाभोवती बसल्यासारखी ऐकू येतात.

मात्र संपादनात हात आखडता ठेवावा. उदाहरण देतो. जानेवारी २००७ मध्ये वॉरक्राफ्टचं ‘द बर्निंग क्रुसेड’ हे पहिलं एक्सपान्शन, म्हणजे विस्तारित आवृत्ती, आलं. तोपर्यंत मोठ्या रेडला ४० जण लागत. आता २५ पुरे झाले. त्याआधीची पायरी असलेला काराझान नावाचा रेड तर १० जणांचा होता. कागदावर ही सुधारणाच होती, कारण ४० जणांना रोज रात्री गोळा करणं कठीण काम आहे. पण ज्या गिल्डकडे ४० जण होते, त्यांच्या प्रमुखाचं काय? त्यानं १५ जणांना सांगायचं, की तुम्ही यायचं नाही. दोन वर्षं रात्री जागवलेली माणसं. असा प्रमुख मायक्रोफोनसमोर बोलताना एखाद्या नावापाशी थांबतो, श्वास घेतो, विषय बदलतो. नवा संपादक तो थांबलेला क्षण कापतो, कारण त्याला शिकवलेलं असतं की रिकामी जागा नको. तो क्षण कापला की एका पॅचची, म्हणजे कंपनीनं खेळात केलेल्या बदलाची, माहिती उरते. तो ठेवला तर एका माणसानं काय गमावलं ते ऐकू येतं. ‘अं’, ‘म्हणजे’ हे खुशाल काढा, खोकला काढा. काय सांगावं आणि काय नाही, हे ठरवताना लागलेला वेळ काढू नका.

याच कारणासाठी मी या कार्यक्रमांतल्या बातम्यांना दुय्यम मानतो. कोणती तलवार आता जास्त मार देते, कोणत्या पात्राची ताकद कंपनीनं कमी केली, हे पुढच्या पॅचला शिळं होतं. बहुतेक हौशी मंडळी अर्ध्याहून अधिक वेळ त्यावर घालवतात आणि मग दमून कार्यक्रम बंद करतात. दर आठवड्याला ताजी बातमी देणं हे पगारी माणसाचं काम आहे. हौशी माणसाजवळ दुसरी एक गोष्ट असते, जी पगारी माणसाजवळ नसते: तो तिथला रहिवासी असतो. त्यानं आपल्या सर्व्हरवरच्या माणसाला बोलतं करावं. रोज संध्याकाळी पुलावर उभं राहून नवख्यांना पिशव्या वाटणारा कोण आहे? दोन गिल्डांचं भांडण कशावरून झालं? खेळात लग्न लावून दिलेल्या जोडप्याचं पुढे काय झालं? अशा प्रश्नांची उत्तरं कंपनीच्या नोंदींत नसतात. मुलाखत देणाऱ्याची परवानगी मात्र आधी घ्यावी आणि त्याला पात्राच्या नावानंच बोलायचं असेल तर खरं नाव कुठेही येऊ देऊ नये. खेळातलं संगीत कंपनीच्या मालकीचं असतं, तेव्हा चाहत्यांसाठी कंपनीनं ठेवलेल्या अटी वाचूनच ते वापरावं.

आणि ही जगं बंद पडतात. स्टार वॉर्स गॅलक्सीज जून २००३ मध्ये सुरू झाला. लढवय्यांबरोबर तिथे नर्तक, वादक, शिंपी यांचीही वस्ती होती. थकलेला योद्धा कँटिनात, म्हणजे तिथल्या मद्यगृहात, येऊन नाच पाहायचा, तेव्हा त्याचा शीण जायचा. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीनं सगळी रचना बदलली, तिसाच्या वर असलेले व्यवसाय नऊवर आणले आणि कित्येकांचं रोजचं जगणं एका दिवसात निरर्थक झालं. १५ डिसेंबर २०११ ला तो खेळ कायमचा थांबला. सिटी ऑफ हीरोज २००४ मध्ये आला आणि ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद झाला. पुढे २०१९ मध्ये चाहत्यांनी आपले सर्व्हर उभे करून तो पुन्हा चालू केला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या होमकमिंग या सर्व्हरला मूळ कंपनीनं रीतसर परवाना दिला. शहर परत आलं, त्याचे रस्ते आणि इमारती परत आल्या. पण २००६ सालच्या एखाद्या रात्री तिथे कोण जमलं होतं आणि काय बोललं गेलं, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

सिम्स ऑनलाइन हा खेळ अखेरीस ईए-लँड या नावानं चालत होता. तो १ ऑगस्ट २००८ ला बंद झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले हेन्री लोवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या शेवटच्या घटकांचं चित्रण जपून ठेवलं आहे. त्या वस्तीसाठी इंटरनेट रेडिओ चालवणारा एक हौशी निवेदक शेवटपर्यंत बोलत राहिला. लोकांचा निरोप घेताना त्याचा आवाज भरून आला होता. मग संपर्क तुटला. लोवूड यांचं म्हणणं असं, की उद्या कुणी तो खेळ जसाच्या तसा पुन्हा चालू केला तरी तिथे काय घडलं ते त्यातून कळणार नाही. मला ते पूर्णपणे पटतं. त्या निवेदकाचा आवाज नसता, तर उरलेलं चित्रण रिकाम्या घरांचं असतं.

या सभागृहात मागच्या रांगांत तरुण मंडळी दिसताहेत. तुमच्यापैकी काही जण रात्री हेडफोन लावून असंच कुठेतरी जात असणार, मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलत असणार. तुम्ही असा कार्यक्रम करत असाल किंवा करणार असाल, तर माझी विनंती आहे. एमपी-३ करून झाल्यावर मूळ ट्रॅक पुसू नका. एका माणसाच्या तासाभराच्या मूळ मुद्रणाला साधारण ३०० एमबी जागा लागते, ६४ केबीपीएसच्या एमपी-३ ला २९ एमबी. आज ३०० एमबी ही काही मोठी जागा नाही. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, एक मित्राच्या घरी ठेवा आणि पाहुण्यांची हरकत नसेल तर एक इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, तिथे पैसे पडत नाहीत. आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तारीख, सर्व्हरचं नाव आणि त्या दिवशी चालू असलेला पॅच स्वच्छ आवाजात सांगा.