डबल बास, डीआय बॉक्स आणि अर्थिंगची पिन
(रौप्यमहोत्सवी संगीतसंध्येतील भाषण)



गाण्यांआधी दोन मिनिटं माझी. हे माणसाहून उंच वाद्य म्हणजे डबल बास. याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. घोडीतला पिझो पिकअप तो कंप पकडतो आणि डीआय बॉक्स तो लांब केबलमधून मिक्सरपर्यंत पोचवतो.

आवाज पातळ, पत्र्यासारखा आला की सगळे मिक्सरवरचा बास वाढवतात. पण दुखणं बहुधा अलीकडेच असतं. पिझोला पुढचं इनपुट निदान १० लाख ओहमचं लागतं. साध्या पॅसिव्ह डीआयचं बहुतेक वेळा दीड लाखाच्या आसपासच असतं. तिथे खालचे स्वर गळतात. म्हणून मध्ये प्रीअँप घाला किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय वापरा. तो मुकाच राहिला, तर बॅटरी किंवा मिक्सरचं ४८ व्होल्टचं फँटम बघा.

घूं येते? आधी केबल बदला, मग डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

आता हात जोडून एक विनंती. घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कुणीही काढू नये. ग्राउंड लिफ्ट फक्त सिग्नलच्या केबलमधली जोडणी तोडतं. अर्थिंग माणसाचा जीव राखतं. गणपतीत आपली पोरं ओल्या स्टेजवर अनवाणी, हातात माइक घेऊन उभी असतात. मंडपवाल्याला हे दर वर्षी बजावून सांगू या. थोडी घूं राहिली तरी चालेल.

पंचविशीच्या सर्वांना शुभेच्छा!