बंपर बदलावा, गाडी बदलू नये
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या गाड्या राजेरजवाड्यांच्या. आज मी बोलणार आहे ती आपल्या घरातल्या गाडीबद्दल, म्हणजे आजोबांच्या फियाटबद्दल, पद्मिनीबद्दल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघाली. अजून काही घरांत ती कापडाखाली उभी आहे, आणि तिचे बंपर गंजले आहेत.

ते का गंजतात? आपल्या पितळी पातेल्याची कल्हई आठवा. बंपरही तसाच. आत साधं लोखंडी पत्रं, वर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमचा अगदी पातळ मुलामा. तो मायक्रॉनच्याही एखाद्या अंशाइतकाच असतो. त्याला बारीक छिद्र पडलं की पाणी आत शिरतं. शिवाय बंपरच्या मागच्या बाजूला चिखल साचून राहतो आणि गंज तिथूनच पोखरत येतो. स्टेनलेस स्टीलचं तसं नाही. त्यात क्रोमियम अंगभूत असतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी संरक्षक पापुद्रा पुन्हा आपोआप तयार होतो.

पण बाजारातलं सगळं स्टेनलेस सारखं नसतं. ‘३०४’ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या ‘२०२’मध्ये निकेल कमी, म्हणून डाग लवकर पडतात. लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नका. २०२ लासुद्धा चुंबक चिकटत नाही, आणि वाकवलेल्या ठिकाणी ३०४ ला थोडा चिकटू शकतो. प्रत बिलावर लिहून घ्या. गोव्याकडे, समुद्राकाठी गाडी राहणार असेल, तर ‘३१६’ अधिक चांगलं.

आता बसवण्याविषयी. जुना बंपर काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. बंपर निघाला की ब्रॅकेट तपासा. जुन्या धडकेत ते वाकलेले असतील, तर नवा बंपर कितीही सुबक असला तरी तिरकाच दिसेल. ब्रॅकेट सरळ करून, खरवडून, रंगवून घ्या.

मडगार्डवर जुनी चादर टाका. दोघांनी मिळून बंपर उचला. सगळे नट आधी हातानेच, सैल लावा. मग चार पावलं मागे जाऊन बघा. दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. सारखं आलं की मधले बोल्ट आधी आवळा, कडेचे नंतर. स्टेनलेसचे नट-बोल्ट कोरडेच आवळले तर जाम होतात, म्हणून आट्यांना योग्य ग्रीस लावा. बंपर आणि लोखंडी ब्रॅकेट यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनचे वॉशर घाला. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले, तर गंजतं ते लोखंडच. मात्र बंपरवर दिवा असेल तर या रबरामुळे त्याचा अर्थ तुटू शकतो, तेव्हा वेगळी तार ओढावी लागते.

भोकं जुळत नाहीत असा प्रसंग हमखास येतो. मिस्त्री लगेच ड्रिल हातात घेतो आणि गाडीच्या अंगालाच नवं भोक पाडायला निघतो. तिथे त्याचा हात धरा. भोक मोठं करायचंच असेल, तर नव्या ब्रॅकेटचं करा. गाडीचा मूळ पत्रा पुन्हा मिळणार नाही. ब्रॅकेट मिळेल.

काही जाणकार म्हणतात, स्टेनलेस लावलं की गाडी अस्सल राहिली नाही. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. क्रोमची झाक किंचित निळसर, स्टेनलेसची थोडी उबदार. शेजारी शेजारी ठेवले तर फरक कळतो. प्रदर्शनात परीक्षक मूळ मुलाम्यालाच मान देतील. पण जी गाडी पावसातही बाहेर काढायची आहे, नातवंडांना बसवून दर्शनाला न्यायची आहे, तिला स्टेनलेस शोभतं.

एकच विनंती. काढलेला बंपर भंगारात देऊ नका. पुसून, तेल लावून, माळ्यावर ठेवा. उद्या कुणाला नव्याचं माप घ्यायचं असेल, किंवा जुन्यालाच पुन्हा मुलामा द्यायचा असेल, तर मूळ आकार फक्त त्याच्यापाशी असेल. आपण केलेला बदल पुढच्या पिढीला उलटवता यावा, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

 गणपती बाप्पा मोरया!