माऊसची दोन बटणं

संगणक नव्यानं शिकणाऱ्यांचा हात बहुतेक वेळा अडतो तो डबल क्लिकवर. डावं बटण दोनदा दाबायचं, तेही झटपट. विंडोजमध्ये त्यासाठी साधारण अर्धा सेकंद मिळतो. घाईत माऊसच सरकतो आणि फाइल उघडण्याऐवजी तिचं चिन्ह भलतीकडे जाऊन बसतं. मनगट टेबलावर टेकवावं, तळहात सैल ठेवावा, फक्त तर्जनी हलवावी. तरीही जमेना, तर एकदाच क्लिक करून कीबोर्डवरचं एंटर दाबावं. फाइल उघडतेच.

उजवं बटण मधल्या बोटाचं. ते दाबलं की कॉपी, डिलीट असे पर्याय समोर येतात. नुसती यादी उघडल्यानं काहीही बिघडत नाही, हे शिकवणाऱ्यानं आवर्जून सांगायला हवं; भीती तिथंच असते.

ही दोन बटणं सुरुवातीपासून नव्हती. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांच्या १९६४ च्या पहिल्या लाकडी माऊसला एकच बटण होतं. १९८३ च्या ॲपल लिसा संगणकाच्या माऊसलाही एकच.

१९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला. पत्ते उचलता-ठेवता कित्येकांना बटण दाबून धरून ओढायची सवय लागली. सरावाला हा खेळ आजही उत्तम.

डावखुऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल करून घ्यावी.