नाटक, चित्रकथा आणि लिहिण्याचे कसब

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



वाचन व लेखन या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. आपल्या घरांतून दोन गोष्टींकडे नेहमी संशयाने पाहिले जाते. एक चित्रांची पुस्तके आणि दुसरी नाटक. मुलगा कॉमिक वाचताना दिसला की आपण म्हणतो, "अभ्यासाचे पुस्तक घे." नाटकात काम करतो म्हणाला तर, "तमाशे करायला शाळेत पाठवले का?" आणि मुलीने विचारले तर उत्तर ठरलेलेच असते. पालकांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या किंवा कुवेत-दुबईत उमर घालवणाऱ्या बापाला मुलाचा एक तासही वाया जाऊ नये असे वाटणारच. पण हे तास खरोखर वाया जातात काय, एवढेच मला आज तपासून पाहायचे आहे.

आबिद सुरती यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९३५ साली गुजरातेत झाला आणि बालपण मुंबईच्या डोंगरी भागात गरिबीत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोदीकडून बोरीबंदरला सैनिकांची गाडी येई. पोरे मागे धावत आणि सैनिक काहीबाही फेकत. एकदा मिकी माऊसचे चित्रपुस्तक आले. पोरांच्या ओढाताणीत आबिदच्या हाती त्याचे एक पान लागले. ते पान पाहून पाहून तो चित्रे काढू लागला. पुढे ते जे. जे. कलाशाळेत शिकले. गुजराती आणि हिंदीत त्यांनी कथा, कादंबऱ्या, नाटके लिहिली. 'धर्मयुग' साप्ताहिकात त्यांचे 'ढब्बूजी' वर्षानुवर्षे लोकांना हसवीत राहिले.

इंद्रजाल कॉमिक्सची पुस्तके मराठीतही निघत. आज जे आजोबा झाले आहेत त्यांना ती आठवत असतील. वेताळ, मँड्रेक असे परदेशी नायक त्यांत असत. १९७६ साली सुरतींनी त्यांत 'बहादूर' आणला. गोविंद ब्राह्मणिया त्याची चित्रे काढीत. कुडता आणि जीन्स घालणारा हा दरोडेखोराचा मुलगा गावकऱ्यांना एकत्र करून दरोडेखोरांशी सामना देतो. वाचणाऱ्या पोरांना प्रथमच वाटले असेल की नायक आपल्या मुलुखातलाही असू शकतो. पुढे १९९३ साली सुरतींच्या 'तीसरी आँख' या कथासंग्रहाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ पासून ते मीरा रोडला प्लंबर बरोबर घेऊन रविवारी घरोघर जाऊ लागले आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. बारीक रेघ पाहायची सवय लागलेल्या माणसाला ठिबकणारा थेंबही दिसतो, तो असा.

दुसरे नाव रत्नाकर मतकरी यांचे. जन्म १९३८, निधन २०२०. १९५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आत, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली. पुढे १९७८ पर्यंत ते बँकेत नोकरी करीत होते. म्हणजे पोटाचा उद्योग सांभाळून त्यांनी हे सारे केले, हे पालकांनी लक्षात घ्यावे. १९६२ पासून त्यांनी 'बालनाट्य' ही संस्था चालवली. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नाटके त्यांचीच. उतारवयात त्यांनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तेथे वस्तीतली मुले आपल्याच जगण्यातल्या गोष्टींवर नाटिका बसवू लागली, आपल्याच भाषेत बोलू लागली. आपली मुले घरी कोकणी बोली बोलतात, शाळेत उर्दू किंवा पुस्तकी मराठी, आणि या ओढाताणीत वर्गात गप्प बसतात. रंगमंचावर घरच्या बोलीलाही मान आहे. तोंड एकदा उघडले की बाकीच्या भाषा शिकायला धीर येतो.

आता विद्यार्थ्यांसाठी कसबाची गोष्ट. समजा, पावसाळा आहे. घराचे छप्पर गळते आहे. परदेशातून अब्बांचा फोन येतो, "पाऊस कसा आहे?" मुलगा म्हणतो, "छान आहे, अब्बा." एवढाच प्रसंग.

चित्रकथेत हा प्रसंग काढायचा तर चित्रात गळके छप्पर आणि खाली ठेवलेली बादली दाखवा. मुलाच्या तोंडी फक्त "छान आहे" लिहा. छप्पर गळते हे शब्दांत सांगू नका, कारण चित्राने ते सांगितले आहे. नाटकात आई दाराशी उभी राहून हाताने खूण करते, "सांगू नकोस." मुलगा उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबतो. ते थांबणे हाच तेथला संवाद. आणि गोष्ट लिहायची तर फक्त बादलीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज लिहा. मुलाने फोनवर हात का ठेवला, हे वाचणारा आपोआप समजेल. "मुलाला फार वाईट वाटले" हे वाक्य तिन्ही ठिकाणी लागत नाही. निबंधात आपण नेमके तेच वाक्य लिहितो आणि मग गुण का कमी पडले म्हणून विचारतो!

हे एका बैठकीत जमत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी कोणाच्या हाती देतात? ज्याचा हात वर्षानुवर्षे बसला आहे त्याच्या. लिहिण्याचेही तसेच आहे. लिहावे, मोठ्याने वाचावे, जेथे जीभ अडखळते तेथे खोडावे, पुन्हा लिहावे.

पालकांना माझी तीन मागणी आहेत. पहिली, घरात चित्रांचे पुस्तक आले तर ते हिसकावू नका. मुलाला त्याची गोष्ट सांगायला लावा. दुसरी, संमेलनाच्या नाटिकेत मुलाबरोबर मुलीलाही भाग घेऊ द्या. तालीम दिवसाउजेडी घेणे ही आम्हा शिक्षकांची जबाबदारी. तिसरी, परदेशी असलेल्या बापाला महिन्यातून एक पत्र हाताने लिहायला सांगा. फोनवर "सब ठीक" म्हणून काम भागते. कागदावर काय ठीक आहे आणि काय नाही, ते शोधावे लागते.

उद्या हीच मुले तहसील कचेरीत अर्ज देतील, मुलाखतीला बसतील, आपल्या वस्तीची अडचण चारचौघांत मांडतील. तेव्हा ज्याला आपले म्हणणे नीट मांडता येते त्याचेच ऐकले जाते. सगळेच लेखक किंवा नट होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगता येणारी पिढी आपल्याला हवी आहे.