हातगाडीवरचं स्वातंत्र्य
(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'विकसनशील देशातील आर्थिक स्वातंत्र्य : अभिजात उदारमतवादी दृष्टी' असा विषय आयोजकांनी दिलाय. दुपारच्या जेवणानंतर एवढं लांब नाव ऐकून तुमच्यातले निम्मे टेकायला भिंत शोधत असतील. म्हणून मी केळ्यांपासून सुरुवात करतो.

माझे अब्बा तालुक्याच्या गावी हातगाडीवर केळी विकायचे. परवाना नव्हता. मागितला नव्हता असं नाही, मिळत नव्हता. परवाना नाही म्हणून हप्ता द्यावा लागायचा, आणि हप्ता चालू राहावा म्हणूनच परवाना मिळत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. १९९३ च्या उन्हाळ्यात एका गुरुवारी गाडी उचलली गेली. अब्बा रोज कचेरीत जाऊन उभे राहायचे. सोमवारी दंड भरून गाडी सुटली, पण पावती मिळाली नाही. केळी काळी पडली होती. त्यातली जी बरी निघाली त्यांचं अम्मीनं शिकरण केलं. आम्ही पोरं खूश. अब्बा मात्र जेवले नाहीत. माल उधारीवर उचललेला होता.

त्या चार दिवसांत अब्बांच्या तोंडचा एक शब्द माझ्या कानात बसला. 'साहेब, मेहरबानी करा.' आज मला जे सांगायचंय ते या मेहरबानीबद्दलच आहे.

ॲडम स्मिथचं नाव तुम्ही ऐकलंय. 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ १७७६ चा. त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण खाटकापासून सुरू होतं. आपलं जेवण खाटकाच्या दयेमुळे मिळत नाही, तो स्वतःचं हित पाहतो म्हणून मिळतं, असा त्याचा मुद्दा. हे सगळे सांगतात. त्याच ग्रंथातला दुसरा मुद्दा मात्र कमी सांगितला जातो. गरिबाची सगळी मालमत्ता म्हणजे त्याच्या हातातलं बळ आणि कसब. दुसऱ्याला इजा न करता ते हवं तसं वापरण्यापासून त्याला अडवणं म्हणजे त्याची मालमत्ता हिरावणं, असं स्मिथ म्हणतो. हे त्यानं कारखानदाराच्या बाजूनं लिहिलेलं नव्हतं. कुणी कोणता धंदा करावा आणि किती वर्षं उमेदवारी करावी हे ठरवणाऱ्या त्या काळच्या कायद्यांविरुद्ध लिहिलं होतं. त्याच्याही चारशे वर्षं आधी इब्न खलदूननं लिहून ठेवलंय की राज्यकर्ता स्वतःच व्यापारात उतरला की प्रजेचा उत्साह मरतो.

आपल्याकडे काय झालं? १९५१ च्या उद्योग कायद्यानं कारखाना काढायला आणि वाढवायला सरकारी परवाना लागू लागला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५५ मध्ये, अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय या एकट्या माणसानं भिन्नमतपत्रिका जोडली. १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला, मिनू मसानी त्यांच्यासोबत होते. १९६७ मध्ये लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते. पुढच्या काही वर्षांत पक्ष संपला. संस्थानिकांचा आणि शेठजींचा पक्ष अशी त्याची हेटाळणी झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे. परवाना-राज्याचा सर्वांत जास्त मार खाणारा माणूस हातगाडीवर उभा होता, आणि हे लोक त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचा परवाना गेला. अब्बांची गाडी त्यानंतर दोन वर्षांनी उचलली गेली. मोठ्यांचा दरवाजा उघडला, गल्लीतला तसाच राहिला.

आता हा विषय आपल्या किती जवळचा आहे बघा. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार मुस्लिम पुरुष कामगारांपैकी १२ टक्क्यांहून जास्त लोक रस्त्यावर विक्री करतात. देशाची सरासरी ८ टक्क्यांहूनही कमी. आपल्या सभांमध्ये त्या अहवालातलं शिक्षण येतं, नोकऱ्या येतात, आरक्षण येतं. ते यायलाच हवं. पण आपला एवढा समाज स्वतःच्या धंद्यावर जगतो आणि धंद्याच्या स्वातंत्र्यावर आपण एक ठरावही करत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

एक खटला थोडा सविस्तर सांगतो, कारण तो आपण चुकीच्या पद्धतीनं लक्षात ठेवलाय. मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार सरकार, सर्वोच्च न्यायालय, १९५८. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या राज्यांच्या कत्तलबंदी कायद्यांना कुरेशी मंडळींनी आव्हान दिलं. त्यांचे दोन मोठे मुद्दे होते. एक, हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. दोन, घटनेच्या कलम १९ नं दिलेल्या व्यवसायाच्या हक्कावर घाला आहे. पहिला मुद्दा न्यायालयानं फेटाळला. गाय कापणं हे मुसलमानाचं धार्मिक कर्तव्य असल्याचा पुरावा नाही, बकऱ्याची कुर्बानीही चालते, असं सांगितलं. दुसरा मुद्दा मात्र अंशतः मान्य झाला. गाय आणि वासरांवरची बंदी कायम राहिली. पण कामातून गेलेले बैल, वळू आणि म्हशी यांच्यावर सरसकट बंदी घालणं हा वाजवी निर्बंध नाही, असा निकाल आला. म्हणजे जिथं आपण श्रद्धेचं बोललो तिथं हरलो, आणि जिथं धंदा करणाऱ्या नागरिकाचं बोललो तिथं थोडं तरी जिंकलो.

ते थोडंही पुढे गेलं. २००५ मध्ये मिर्झापूर मोती कुरेशी कसाब जमात प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक मतानं तो भाग बदलला. म्हातारा बैलही शेण आणि मूत्र देतो, म्हणजे तो निरुपयोगी नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गोवंशातल्या फक्त गायीला संरक्षण होतं, मार्च २०१५ मध्ये ते बैल आणि वळूंनाही लागू झालं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली; राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम तेवढं रद्द केलं.

या सगळ्यात एक माणूस दिसतच नाही. बैल विकणारा शेतकरी. आठवडी बाजारात म्हातारा बैल विकायचा, त्या पैशात थोडी भर घालून नवा घ्यायचा, असं त्याचं गणित होतं. ते मोडलं. शरद जोशींनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली की शेतकऱ्याला भीक नको, त्याच्या मालाला बाजार खुला ठेवा. कांद्याची निर्यातबंदी असो की बैलाची विक्रीबंदी, तर्क एकच आहे. शेतकऱ्याचं विकण्याचं स्वातंत्र्य आणि कुरेशीचं विकत घेण्याचं स्वातंत्र्य ही एकाच सौद्याची दोन टोकं आहेत. पण २०१५ मध्ये कुरेशी एका मोर्चात होता, शेतकरी दुसऱ्या, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. यात आपलीही चूक आहे. आपण तो प्रश्न ताटातला केला, बाजारातला केला नाही.

इथपर्यंत मी या विचाराचा वकील होतो. आता माझं भांडण सांगतो.

पुण्यात भाड्याचं घर शोधताना दलालानं माझं नाव विचारलं, आणि सकाळी रिकामा असलेला फ्लॅट दुपारी भरला. तुमच्यातल्या अनेकांना हे सांगायची गरज नाही. अभिजात उदारमतवादी म्हणेल, घर त्याचं आहे, कुणाला द्यायचं ते तो ठरवेल. गॅरी बेकरनं १९५७ च्या पुस्तकात मांडलं की भेदभाव करणारा स्वतःही किंमत मोजतो, म्हणून स्पर्धा वाढली की भेदभाव झिजतो. कारखान्यात हे काही प्रमाणात पटतं. सोसायटीत पटत नाही, कारण तिथं सगळ्यांचा पूर्वग्रह एकच असला तर स्पर्धा कुणाशी? २००५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला, आणि तो संघटनस्वातंत्र्याच्या नावानं. घटनेच्या कलम १५ नं दुकानं आणि हॉटेलं सर्वांना खुली केली. घरांसाठीही तसा कायदा हवा, असं माझं मत आहे. इथं मी स्मिथच्या वारसांसोबत नाही.

पण थांबा, सरकार आलं की भेदभाव जातो असंही नाही. गुजरातचा १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा घ्या. जाहीर केलेल्या भागात घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीनं लोकांना मातीमोल भावात घरं विकावी लागू नयेत, हा हेतू होता. व्यवहारात, विकणारा राजी आणि घेणारा राजी असतानाही मुसलमानाला दुसऱ्या वस्तीत घर घेणं याच कायद्यानं अवघड झालं. इथं मात्र उदारमतवाद्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं.

म्हणजे कधी बाजाराविरुद्ध कायदा लागतो, कधी कायद्याविरुद्ध बाजार. प्रत्येक वेळी मी एवढंच विचारतो की यात मेहरबानी कुणाच्या हातात जातेय?

शेवटी पुन्हा गाडीकडे येतो. रस्त्यावर विक्री करणं हा मूलभूत हक्क आहे, अर्थात वाजवी निर्बंधांसह, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सांगितलं होतं. म्हणजे अब्बांची गाडी उचलली गेली तेव्हा तो हक्क होता, त्यांना माहीत नव्हता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार जप्त मालाची यादी द्यावी लागते, नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करावा लागतो, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. सर्वेक्षण होईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश महिला. तुमच्या गावात ही समिती आहे का, तिची निवडणूक झाली का, हे परत गेल्यावर विचारा.

माझा मावसभाऊ मोबाईलची कव्हरं विकतो. गेल्या वर्षी त्याची गाडी उचलली. तो कायद्याची छापील प्रत घेऊन गेला. कारकुनानं विचारलं, 'वकील आहेस का?' तो म्हणाला, 'नाही, कव्हरं विकतो.' दोन दिवसांत मिळायला हवी होती ती गाडी चौथ्या दिवशी मिळाली. दंडही भरावा लागला. पावती मात्र मिळाली.