दुकानाचं पाण्याचं बिल : कंपनी बदलण्याआधी मीटर बघा



आपल्यापैकी बरेच जण इथे इंग्लंडमध्ये छोटा धंदा करतात. कुणाचं टेकअवे आहे, कुणाचं केटरिंगचं किचन, कुणाचं सलून, कुणाची लाँड्री. आज त्यांच्याशी पाण्याच्या बिलाविषयी बोलायचंय. जमलं तर शेवटचं बिल समोर घेऊन बसा. नसेल हाताशी तर नुसतं ऐका, दुकानात गेल्यावर बघा.

आमच्या ओळखीच्या एक ताई हॅरोमध्ये छोटं किचन चालवतात. एकदा ऐन दुपारी, कढईत फोडणी पडलेली असताना, त्यांना फोन आला. "मॅडम, पाण्याच्या बिलात ३० टक्के बचत करून देतो." ताईंनी होकार दिला आणि दोन वर्षांचा करार झाला. सहा महिन्यांनी बघतात तर बिल होतं तेवढंच, उलट चार पौंड जास्त. मला म्हणाल्या, "मला फसवलं का हो?" मी बिल बघितलं आणि म्हटलं, ताई, तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी आज सगळ्यांनाच सांगतो.

इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१७ पासून धंद्यांना पाण्याची कंपनी निवडता येते. स्कॉटलंडमध्ये ही सोय २००८ पासूनच आहे. वेल्समध्ये मात्र वर्षाला ५ कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी वापरणाऱ्यालाच निवड आहे, म्हणजे आपल्यासारख्यांना नाहीच. घरगुती ग्राहकांनाही नाही. तुम्ही राहत्या घरातून डबे देत असाल, तर तुमचं बिल घरगुतीच राहतं आणि कंपनी बदलता येत नाही. दुकान भाड्याचं असेल आणि पाण्याचं बिल घरमालकाच्या नावावर असेल, तर निर्णयही त्याचाच.

आता मुख्य मुद्दा. कंपनी बदलली म्हणजे नळाला दुसरं पाणी येतं का? नाही. पाणी तेच आणि पाइपही तोच. यात दोन कंपन्या असतात, एक घाऊक आणि एक किरकोळ. पाणी शुद्ध करणारी, पाइप आणि गटारं सांभाळणारी ती घाऊक कंपनी. ती तुमच्या भागाप्रमाणे ठरलेली असते. हॅरोमध्ये पाणी अ‍ॅफिनिटीचं आणि सांडपाणी थेम्स वॉटरकडे, असं. ही घाऊक कंपनी तुम्हाला बदलता येत नाही. मीटर वाचणारी, बिल पाठवणारी आणि तुमचा फोन घेणारी ती किरकोळ कंपनी. बदलता येते ती फक्त हीच.

आता पैशांचं बघू. बिलातला सुमारे ९० टक्के हिस्सा घाऊक कंपनीला जातो. तो कमी करणं किरकोळ कंपनीच्या हातात नसतं. समजा, तुमचं वर्षाचं बिल २,००० पौंड आहे. त्यातले १,८०० घाऊक कंपनीचे, २०० किरकोळ कंपनीचे. नव्या कंपनीने आपल्या हिश्श्यावर २५ टक्के सूट दिली, तरी तुमचे वाचले ५० पौंड. एकूण बिलाच्या अडीच टक्के. ते ३० टक्के कशाचे होते, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणखी एक. ज्यांनी कधीच कंपनी बदलली नाही, त्यांना लुटलं जातंय असंही नाही. करार न केलेल्या छोट्या ग्राहकांच्या दरांवर ऑफवॉट या नियामक संस्थेने मर्यादा घातलेली आहे. तेव्हा घाई करू नका.

मग मोठे पैसे जातात कुठे? बहुतेक वेळा गळतीत, नाहीतर चुकीच्या आकारणीत. ते शोधायला फोनवरचा माणूस लागत नाही, तुम्हीच शोधू शकता.

पहिलं काम मीटरचं. मीटर बऱ्याचदा दुकानासमोरच्या फुटपाथवर, छोट्या झाकणाखाली असतो. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार-हजार लिटरचे. लाल आकडे त्याखालचे. रात्री दुकान बंद करताना दोन्ही आकड्यांचा फोटो काढा. सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा काढा. रात्रभरात आकडा सरकला असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. मात्र बर्फाचं मशीन किंवा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट तुमच्याच मीटरवर नाही ना, तेही बघा. फ्लॅट तुमच्या मीटरवर निघाला, तर भाडेकरूचं पाणी तुम्ही भरताय. घरमालकाशी बोला.

दुसरं काम टॉयलेटचं. दोन बटणांच्या फ्लशचा व्हॉल्व्ह झिजला की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. जिलबीत घालतो तो खायचा रंग घ्या, थोडा वरच्या टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग खाली भांड्यात उतरला, तर टाकी गळते आहे. अशी टाकी दिवसाला ३०० लिटर सहज घालवते. म्हणजे महिन्याला ९ घनमीटर, वर्षाला शंभराहून जास्त. पाणी आणि सांडपाणी मिळून घनमीटरला साडेतीन पौंड धरले, तर वर्षाला जवळजवळ ३८० पौंड झाले. कंपनी बदलून वाचत होते ५०. तुमच्या बिलावरचा दर घेऊन हा हिशेब स्वतः करून बघा.

तिसरं काम बिल वाचण्याचं. आकड्याशेजारी 'एस्टिमेटेड' लिहिलं असेल, तर मीटर कुणी वाचलेलाच नाही, अंदाजाने आकारणी झाली आहे. लगेच मीटरचा फोटो पाठवा. मग सांडपाण्याची ओळ बघा. तुम्ही घेतलेल्या पाण्यापैकी साधारण ९० ते ९५ टक्के पाणी गटारात परत जातं, असं धरून हा आकार लावतात. तुमचं बरंचसं पाणी बागेला किंवा तयार मालात जात असेल, तर सवलत मागता येते. त्याच्या जवळच पावसाच्या पाण्याचा आकार असतो. छपरावरचं पाणी गटारात न जाता मागच्या शोषखड्ड्यात जिरत असेल, तर तो कमी करून मिळू शकतो. पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो, आपणहून कुणी देत नाही.

किचनवाल्यांसाठी दोन शब्द. गोठलेली सुरमई वाहत्या नळाखाली ठेवू नका, आदल्या रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा. आणि भांड्याचं मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका.

एवढं सगळं केल्यावर कंपनी बदलायची तर जरूर बदला. चांगली सेवा, वेळेवर मीटर वाचणं, तीन दुकानांचं मिळून एकच बिल, ही बदलण्याची चांगली कारणं आहेत. परवानाधारक कंपन्यांची यादी ओपन वॉटरच्या संकेतस्थळावर मिळते. बिलावरचा स्पिड नंबर हाताशी ठेवा. पाण्याचा वेगळा, त्यात डब्ल्यू अक्षर असतं. सांडपाण्याचा वेगळा, त्यात एस. बदलाच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवा, म्हणजे जुन्या-नव्या बिलात भांडण नको.

एजंटचा फोन आला तर लगेच होकार देऊ नका. तीन गोष्टी ईमेलवर मागा. एक, वर्षाला किती पौंड वाचतील? टक्के नकोत, पौंड सांगा. दोन, तुमचं कमिशन किती आणि ते कुणाच्या खिशातून? तीन, करार किती वर्षांचा, मध्येच सोडला तर काय आणि मुदत संपल्यावर दर काय? दहापेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्याला करार मागे घ्यायला काही दिवस मिळतात. ते किती, तेही लिहून घ्या. उत्तर लेखी येत नसेल, तर फोन ठेवा आणि फोडणीकडे बघा.

बिलाची तक्रार असेल तर आधी किरकोळ कंपनीकडे लेखी करा. तिथे दाद लागली नाही, तर कंझ्युमर कौन्सिल फॉर वॉटर ही संस्था धंद्यांच्या तक्रारीही घेते आणि पैसे घेत नाही.

आता ताईंचं. त्यांच्या टाकीत आम्ही केशरी रंग टाकला, दहा मिनिटांत भांडं केशरी! व्हॉल्व्ह बदलला आणि पुढचं बिल उतरलं. करार अजून चालूच आहे, तो संपण्याची तारीख त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे. तुम्हीही तुमची लिहून ठेवा. आणि आज रात्री दुकान बंद करताना मीटरचा फोटो काढायला विसरू नका.