मोजणी बरोबर, माणूस कमी
(सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘बँकेतले अनुभव’ या विषयावर मी बोलावं, अशी सेक्रेटरींची सूचना होती. पण बँकेतले अनुभव मी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये गेली पंचवीस वर्षं सांगतच आलोय. ऐकणाऱ्यांचे चेहरे मला दिसतात. म्हणून आज मी आमच्या धाकट्या लेकीचे अनुभव सांगणार आहे. तिची परवानगी घेतली आहे. ‘बाबा, मीठमसाला कमी घाला,’ एवढीच तिची अट आहे. ती पाळण्याचा प्रयत्न करतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी तिला या आवारात सायकल शिकताना पाहिलंय. इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, बी. एड. केलं आणि २०१४ साली जपानला गेली. कशाला? तर शाळेत इंग्रजी शिकवायला! तेव्हा आपल्याच बिल्डिंगमध्ये मला विचारलं गेलं होतं, ‘‘जपान्यांना इंग्रजी शिकवायला साहेब सोडून आपली मुलगी कशी काय?’’ प्रश्न रास्त होता, म्हणून थोडी माहिती देतो.

जपानमध्ये मुलं इंग्रजी वर्षानुवर्षं शिकतात, व्याकरणाचे पेपर उत्तम सोडवतात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. यावर उपाय म्हणून जपान सरकारने १९८७ साली बाहेरच्या देशांतले तरुण पदवीधर शाळांमध्ये आणायची योजना सुरू केली. ‘जेट’ हे तिचं नाव. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. पुढे मागणी वाढली, तसे खाजगी कंत्राटदारही शाळांना असे शिक्षक पुरवू लागले. आमची मुलगी अशाच एका कंत्राटदाराकडून गेली. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असल्यामुळे तिला व्हिसा मिळाला.

आता कंत्राट म्हणजे कंत्राट. दर मार्चला नूतनीकरण. उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार कापून यायचा. नातेवाइकांना वाटायचं, पोरगी येनमध्ये कमावते, म्हणजे खोऱ्याने ओढते. मी हिशेबाचा माणूस. घरभाडं, विमा, हिवाळ्यातलं विजेचं बिल वजा केलं की हातात काय उरायचं, ते मला माहीत होतं. असो.

तिचं गाव चिबा प्रांतात, समुद्रकाठी. लहानसंच. शाळा आपल्या सातवी ते नववीची. तिथल्या चांगल्या गोष्टी आधी सांगतो. शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून आतले बूट घालायचे. वर्ग, जिने, संडाससुद्धा मुलंच झाडतात-पुसतात. दुपारचं जेवण मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वाढतात, आणि शिक्षकही वर्गातच मुलांबरोबर जेवतात. आमच्या मुलीची अडचण अशी, की ती शाकाहारी आणि तिथल्या बहुतेक रश्शांत माशाचा अर्क. म्हणून ही घरून डबा न्यायची. हिच्या पोळीभाजीवर तीस डोळे रोखलेले. एका मुलाने विचारलं, ‘‘सेन्सेई, हे रोज तुम्ही स्वतः गोल करता?’’ सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. पोळी गोल होत नाही म्हणून घरी बोलणी खाणारी मुलगी तिथे कलाकार ठरली!

पण काम काय? मुख्य शिक्षक जपानी, ही सहाय्यक. पुस्तकातलं वाक्य मोठ्याने वाचायचं, मुलांनी मागून म्हणायचं. ‘‘बाबा, मी जिवंत टेपरेकॉर्डर आहे,’’ असं ती म्हणायची. शिक्षकांच्या खोलीत सगळे सौजन्याने वागत. वाकून नमस्कार, चहा, हवापाण्याची चौकशी. त्यापलीकडे काही नाही. संध्याकाळी घरी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक शब्द बोलायला माणूस नाही. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा. त्या वेळी फोन यायचा. दुसऱ्या वर्षी एकदा ती म्हणाली, ‘‘मी उद्या शाळेत गेले नाही, तर तास बुडणार नाही बाबा. मुख्य बाई सीडी लावतील.’’ सौ. त्या रात्री नीट जेवली नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. पहिल्या बाकावर बसायची, वही मोत्यासारखी, पण दोन वर्षांत तिच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य निघालं नव्हतं. हिने विचारलं की मान खाली. हिला वाटायचं, माझ्या असण्या-नसण्याने या पोरीला काय फरक पडतोय?

आता सहल. जपानमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षाची सहल हा मोठा सोहळा असतो. चिबाकडच्या शाळांनी क्योतो आणि नाराला जायचं, तीन दिवस, दोन मुक्काम, हा ठरलेला रिवाज. तयारी बघा. सामान आदल्या दिवशी ट्रकने पुढे. बुलेट ट्रेन थांबते जेमतेम एक-दोन मिनिटं, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये रांगेने चढण्याची तालीम! प्रत्येकाला छापील पुस्तिका. त्यात मिनिटामिनिटाचं वेळापत्रक, नावांची यादी आणि शेवटच्या पानावर शिक्षकांचे फोन नंबर. आपल्या सोसायटीच्या सहलीची बस सातची म्हणजे पावणेआठला हलते. त्यामुळे हे ऐकून मला हेवा वाटला.

सहाय्यक शिक्षकांना अशा सहलीला सहसा नेत नाहीत. पण मे २०१६ मध्ये, निघायच्या चार दिवस आधी एका बाईंची अडचण निघाली आणि हिला सांगितलं, ‘‘तुम्ही चला.’’ पुस्तिका छापून झाल्या होत्या. हिला एक जादा प्रत मिळाली. यादीत नाव मात्र नव्हतं. विद्यार्थी ७८, शिक्षक ६, एकूण ८४. ही पंच्याऐंशीवी. हा आकडा लक्षात ठेवा.

पहिला दिवस नाराचा. तिथल्या बागेत हजारावर हरणं मोकळी फिरतात. देवाचे दूत मानतात त्यांना. बिस्किटं विकत घेऊन खायला द्यायची, मग हरणं मान लववून नमस्कारही करतात. पण बिस्किटं संपली की नमस्कार संपतो आणि खिसेतपासणी सुरू होते. एकाचा शर्ट ओढला, एकाची टोपी पळवली. मुली किंचाळत पळताहेत, मुख्य शिक्षक शिट्टी वाजवताहेत, शिट्टीमुळे आणखी हरणं येताहेत! या गोंधळात एका हरणाने आमच्या मुलीची पुस्तिका हातातून घेतली आणि शांतपणे चावून खाल्ली. फोन नंबरांच्या पानासकट. सगळे पोट धरून हसले. हीसुद्धा.

मग तोदाइ-जी मंदिरातला महाबुद्ध. सुमारे पंधरा मीटर उंच, काशाचा. एका खांबाला बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक आहे. त्यातून पार झालं की पुण्य, अशी समजूत. वर्गातला सर्वांत धिप्पाड गडी त्यात अडकला. दोघांनी हात ओढले, दोघांनी पाय लोटले, तेव्हा सुटला. मग इतिहासाच्या सरांनी मुलांना सांगितलं, की ७५२ साली या मूर्तीच्या डोळ्यांत रंग भरून जो प्राणप्रतिष्ठेचा विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबलचक दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. हे सांगून त्यांनी हिच्याकडे बोट केलं. ‘‘यांच्या देशातला माणूस.’’ अठ्ठ्याहत्तर डोकी वळली. त्याच आवारात दुसऱ्या शाळांची मुलं इंग्रजीचा गृहपाठ म्हणून पाहुण्यांच्या मुलाखती घेत होती. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ हा प्रश्न हिला त्या दिवशी नऊ वेळा आला. तिच्या शाळेतल्या मुलांनीच परस्पर उत्तर दिलं, ‘‘इंडिया! बुद्धाचे डोळे!’’

दुसरा दिवस क्योतोचा. सहा-सहा मुलांचे तेरा गट. प्रत्येक गटाने स्वतः बस पकडून ठरलेली ठिकाणं बघायची आणि शिक्षकांनी ठिकठिकाणी थांबून मोजणी करायची. हिची नेमणूक फुशिमी इनारीच्या देवळापाशी, एका सरांच्या जोडीला. इनारी हा भाताचा आणि धंद्याच्या भरभराटीचा देव. डोंगरभर केशरी कमानी, हजारोंनी, एकीला लागून एक. प्रत्येक कमानीवर ती देणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव. डोंगर २३३ मीटरचा, पण वाटा फुटतात आणि शिखराला वळसा घालून खाली येतात.

दोन मुलं शर्यत लावून वर पळाली. ही त्यांच्या मागे. मुलं दुसऱ्या वाटेने खाली आली, ही वर चढतच राहिली. पाऊस सुरू झाला. ओल्या पायरीवर पाय मुरगळला. मुलांचे फोटो काढून काढून फोनची बॅटरी संपलेली. एका चहाच्या दुकानाच्या वळचणीला बसली. दुकानातल्या आजीबाई फोन पुढे करत होत्या, पण नंबर कुठला लावणार? नंबर हरणाच्या पोटात!

खाली काय झालं? बाराला सरांची पाळी बदलली. नवे सर छापील यादी घेऊन उभे राहिले. दोन्ही मुलं आली. गट मोजला, सहापैकी सहा. खूण केली. सगळं बरोबर. पुढची बस पकडा.

मित्रहो, बँकेत आमचा नियम होता. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. एका रुपयाचा डिफरन्स असला तरी रात्रीचे नऊ वाजायचे. पण अनुभवाने सांगतो, जो डिफरन्स दिसतो तो सापडतो. भीती असते ती वेगळ्याची. जे व्यवहार मुळात लिहिलेच गेले नाहीत, तिथे बेरीज सुंदर जुळते आणि पैसा मात्र कमी असतो. त्या डोंगराखाली तेच झालं होतं. मोजणी बरोबर, माणूस कमी.

गट निघाला. एक मुलगी हलेना. तीच, मान खाली घालणारी. म्हणाली, ‘‘सेन्सेई खाली आल्या नाहीत.’’ सरांनी कागद पाहिला. तिथे नाव नाही. त्यांनी हिचा फोन लावला, तो बंद. मग त्यांचीही धावपळ सुरू झाली. पुढच्या ठिकाणी कळवायचं, बाकीच्या गटांचं बघायचं, वर जायचं तर इथे मोजणार कोण? एवढ्या वेळात ती मुलगी वाट फुटते तिथे जाऊन उभी राहिली. तिथून जाणारे-येणारे निम्मेअधिक परदेशी. त्यांना जपानी येत नाही. तिने पहिल्या माणसाला थांबवलं आणि विचारलं, ‘‘एक्सक्यूज मी. हॅव यू सीन अवर टीचर? शी इज फ्रॉम इंडिया. यलो अंब्रेला.’’

हॅव यू सीन. त्याच महिन्यात वर्गात शिकवलेला काळ. जिवंत टेपरेकॉर्डरने पन्नास वेळा म्हणून घेतलेलं वाक्य.

पावसात उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली. वर बसलेल्या आमच्या मुलीला हे कसं कळलं? एक वयस्कर परदेशी जोडपं कमानींतून वर आलं. पिवळी छत्री पाहून बाई थबकल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्हीच का त्या भारतातल्या शिक्षिका? खाली एक मुलगी प्रत्येकाला तुमच्याबद्दल विचारतेय.’’ बाई हिच्याजवळ बसल्या, त्यांचे यजमान निरोप घेऊन परत खाली उतरले. अर्ध्या तासाने व्यायामाचे सर वर आले आणि हिला आधार देऊन खाली घेऊन गेले. त्या गटाची पुढची दोन ठिकाणं बुडाली. सहाही जण भिजून चिंब. कुणी तक्रार केली नाही. ती मुलगी मात्र हिला बघितल्यावर पुन्हा मान खाली घालून उभी. एक शब्द नाही!

त्या संध्याकाळी सहाला फोन आला. पाय बांधलेला, आवाज मात्र खणखणीत. सौ. आधी रागावली, मग रडली. मी एवढंच विचारलं, ‘‘मार्चमध्ये परत येणार होतीस, त्याचं काय?’’ म्हणाली, ‘‘बघू.’’ त्यानंतर ती आणखी तीन वर्षं राहिली. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत शिक्षकांच्या यादीत तिचं नाव छापलं होतं, शेवटचं का होईना. ते पान तिने आम्हाला पाठवलं. आमच्या शोकेसमध्ये आहे. कधीही या, दाखवीन.

परदेशी राहणाऱ्या मुलांच्या आई-बापांना माझं एक सांगणं आहे. फोनवर पगार आणि हवामान विचाराच. पण हेही विचारा, की तू एक दिवस कामावर गेला नाहीस, तर आधी कुणाच्या लक्षात येईल? उत्तर पटकन आलं, तर निश्चिंत झोपा. नाही आलं, तर फोन जरा लांबवा.

आणि हाच प्रश्न आपण इथे आपल्यालाही विचारायला हवा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो, तेव्हा प्रत्येक मजल्यावर पोरांचा दंगा होता. आज कितीतरी दारांमागे एकच माणूस आहे. आपलं सभासदांचं रजिस्टर चोख आहे, मेंटेनन्सची वसुली चोख आहे, ऑडिटला बोट ठेवायला जागा नाही. हे मी, आपला माजी खजिनदार, अभिमानाने सांगतो. पण रजिस्टर जुळलं म्हणजे माणसं जुळली असं होत नाही. म्हणून कमिटीला सुचवतो, की प्रत्येक मजल्यावर एकाने नुसतं लक्ष ठेवावं. शेजारच्या दाराला दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत तशीच लटकत असेल, तर बेल वाजवावी. आपल्या विंगमध्ये माझ्या मजल्याचं काम मी उद्यापासून घेतो. बाकीच्या मजल्यांची नावं सेक्रेटरींकडे द्यावीत. चहा तयार आहे, तेव्हा जाताना देऊनच जावीत, ही विनंती.